भिंतीपलीकडची वीज

ग्रंथपाल बैठकीत बोलले नव्हते, ते फक्त खोकले होते. हे त्यांनी पुढे अनेकांना समजावून सांगायचा प्रयत्न केला. पण इतिवृत्तात ‘ग्रंथपालांनी धुराचा प्रश्न तळमळीने मांडला’ असं लिहिलं गेलं, आणि एकदा इतिवृत्तात आलं की माणूस ते बोललेलाच असतो.

झालं होतं असं. शाळेचं स्वयंपाकघर आणि ग्रंथालय यांच्यामध्ये एकच भिंत. पलीकडे मावशी लाकडं पेटवून सगळ्या शाळेचं दुपारचं जेवण रांधायच्या, अलीकडे ग्रंथपाल पुस्तकं सांभाळायचे. धूर दोघांनाही सारखाच मिळायचा. शाळेतून नेलेलं पुस्तक एखाद्या मुलाने घरी उघडलं, की त्याची आई गॅसवर काही करपलं का ते बघायला धावायची.

बैठक ग्रंथालयातच होती, कारण धड खुर्च्या तिथेच होत्या. मुख्याध्यापिका, ज्यांना सगळी शाळा मोठ्या बाई म्हणायची, वरून आलेलं पत्रक वाचत होत्या. पुढच्या सत्रापासून लाकडावर चालणारी शाळांची स्वयंपाकघरं बंद. एक तर विजेवर शिजवा, नाही तर गावाबाहेरच्या मोठ्या भटारखान्यातून गाडीने जेवण येईल. गणिताच्या सरांनी ताबडतोब गाडीला पाठिंबा दिला, कारण त्यात कोणालाच काही करावं लागणार नव्हतं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. नेमका त्याच वेळी भिंतीच्या वरच्या फटीतून धुराचा लोट आत आला आणि ग्रंथपालांना ढास लागली.

“सर, काही म्हणायचंय का?” मोठ्या बाईंनी विचारलं.

इतक्या आपुलकीने विचारल्यावर ‘नाही’ म्हणणं ग्रंथपालांना उद्धटपणाचं वाटलं. “धूर,” ते म्हणाले.

“म्हणजे तुमचं मत विजेच्या बाजूने.”

“म्हणजे... धूर नको, इतकंच.”

“उत्तम. मग हे काम सर बघतील.”

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. बैठक लवकर संपल्याचा तो आनंद होता. पण ग्रंथपालांना आजवर कुणी टाळ्या वाजवल्या नव्हत्या, त्यामुळे ते जरा गोंधळले आणि त्यांनी नमस्कार केला. नमस्कार म्हणजे होकार, असं इतिवृत्तात आलं.

बाहेर पडले तर स्वयंपाकघराच्या दारात मावशी उभ्या. डोळे लाल, पण ते रोजचेच. हातात फुंकणी.

“सर, गाडीतून जेवण येणार म्हणतात. मग माझं काय हो?”

“तुमची चूल जाईल, मावशी. तुम्ही जाणार नाही,” ग्रंथपाल म्हणाले.

अशी वाक्यं त्यांनी कादंबऱ्यांत वाचली होती. आपल्या तोंडून असलं काही बाहेर पडेल याची त्यांना कल्पना नव्हती. मावशींनी मात्र ते खरं मानलं आणि आत जाऊन निवांतपणे कांदे चिरायला घेतले. ग्रंथपाल घरी निघाले. एका बाईची रोजीरोटी आता त्यांच्या एका वाक्यावर उभी होती, आणि त्या वाक्याच्या खाली काहीच नव्हतं.

“तुम्ही? आणि वीज?” बायको म्हणाली. “अहो, घरातला दिवा गेला तर तुम्ही आधी दिव्यावरचं पुस्तक शोधता. तोवर मी स्टुलावर चढून नवा लावते.”

हे खरंच होतं. पण संध्याकाळी मेहुणा आला. मेहुण्याचं कापडाचं दुकान होतं आणि विजेची हौस होती. त्याने दुरुस्त केलेला बहिणीचा मिक्सर अजूनही चालत असे, फक्त तो उलटा फिरायचा.

“भाऊजी, तुम्ही काळजीच सोडा!” मेहुणा म्हणाला. हे शब्द ऐकल्याबरोबर बायकोने उठून फ्रिजची पिन काढून ठेवली. “पहिली गोष्ट म्हणजे भांडी. ही नवी शेगडी वाटेल त्या भांड्याला तापवत नाही. लोहचुंबक चिकटलं तरच भांडं तापणार.” आणि त्याने खिशातून लोहचुंबक काढून दिलं. कापड दुकानदाराच्या खिशात लोहचुंबक कशाला, असा प्रश्न ग्रंथपालांना पडला, पण सांडलेल्या टाचण्या वेचायला ते लागत असेल असं त्यांनी मनाशी ठरवलं.

शेजाऱ्यांना बातमी लागायला वेळ लागला नाही. वरच्या मजल्यावरचे निवृत्त बँक मॅनेजर खाली आले आणि विजेवर शिजलेल्या अन्नातला जीव निघून जातो, असं म्हणाले. कोणता जीव, असं ग्रंथपालांनी नम्रपणे विचारलं. “ते मला विचारू नका, मी कॅशमध्ये होतो,” मॅनेजर म्हणाले आणि चहा घेऊन गेले.

दुसऱ्या दिवशी ग्रंथपाल लोहचुंबक घेऊन शाळेच्या स्वयंपाकघरात शिरले. मावशी हात पुसत बाजूला उभ्या राहिल्या. एकेका पातेल्याला ते लोहचुंबक लावायचे आणि ते टण्णकन खाली पडायचं. डॉक्टरने नाडी धरावी आणि मान हलवावी, तसं चाललं होतं. शेवटी भाताचं मोठं पातेलं राहिलं. त्यावर ठळक अक्षरं कोरलेली होती. गणिताच्या सरांच्या सासऱ्यांच्या स्मरणार्थ ते शाळेला भेट मिळालेलं होतं. लोहचुंबक तिथेही टिकलं नाही.

तेवढ्यात गणिताचे सर दारात आले. “काय चाललंय?”

“हे बाद करावं लागेल,” ग्रंथपाल चाचरत म्हणाले. “लोहचुंबक चिकटत नाहीये.”

“माझ्या सासऱ्यांना चिकटत नाही म्हणजे काय?”

“त्यांना नाही हो. पातेल्याला.”

“नाव कोणाचं आहे त्याच्यावर?” सर म्हणाले आणि निघून गेले. त्या दिवसापासून ते ग्रंथपालांशी फक्त लेखी बोलू लागले.

अर्ज गेले, अर्ज परत आले, परत आलेले पुन्हा गेले. अखेर एका दुपारी टेम्पोतून विजेची मोठी शेगडी आणि तिच्या पसंतीची नवी पातेली उतरली. शेगडी काळीभोर आणि चकचकीत होती. मावशींनी तिच्याभोवती एक फेरी मारली.

“जाळ कुठून येतो?”

“येतच नाही. जाळाशिवायच तापतं.”

“मग विझवायचं काय?”

ग्रंथपालांनी शेगडीबरोबर आलेलं माहितीपुस्तक उघडलं. मावशींनी सवयीने जुनंच पातेलं वर ठेवलं. शेगडी टीं टीं ओरडू लागली.

“पसंत नाही वाटतं,” मावशी म्हणाल्या. “आमच्या जावयासारखंच आहे. मनासारखं ताट नसलं की नुसती कुरकुर.” मग नवं पातेलं ठेवलं. शेगडी गप्प झाली. मावशींनी तिच्याकडे समाधानाने पाहिलं. आणि त्या क्षणी शाळेतले सगळे पंखे हळूहळू फिरायचे थांबले.

पंख्यांचं एक वेळ चाललं असतं, पण शाळेची घंटाही विजेवरच होती. मधली सुट्टी झालीच नाही. शिपाई हाताने वाजवायची जुनी घंटा शोधायला गेला आणि ती कुठे आहे हे आठवेपर्यंत माळ्यावरच बसून राहिला. गणिताच्या सरांना तर घंटा होईपर्यंत शिकवायची सवय. मुलांनी त्या दिवशी अपूर्णांक संपवून दशांश संपवले आणि नफा-तोट्यातही ती बरीच आत गेली. दोघीजणी रडल्या. कच्चा राहिलेला भात मावशींनी मुकाट्याने पुन्हा लाकडं पेटवून शिजवला, आणि शिक्षकांच्या खोलीत ग्रंथपाल शिरले की आता बोलणं थांबू लागलं.

मग ते वीज कार्यालयात गेले. खिडकीमागच्या माणसाने मान वर न करता विचारलं, “काय पाहिजे?”

“शाळेचा वीजभार वाढवून हवा होता.”

“एवढा भार लागतो, हे आधी सिद्ध करा.”

“कसं करू?”

“वापरून दाखवा.”

“वापरला की फ्यूज उडतो.”

“म्हणजे वापरत नाही ना तुम्ही तेवढा?”

ग्रंथपाल घरी आले आणि त्यांनी तर्कशास्त्राचं पुस्तक काढून बघितलं. खिडकीमागच्या माणसाच्या बोलण्यात त्यांना कुठेही चूक सापडली नाही. त्यामुळेच ते जास्त खचले.

“भाऊजी, तुम्ही काळजीच सोडा!” मेहुणा म्हणाला. “फ्यूज उडतो ना? मग त्याच्यात जाड तार घालू.”

“चालेल का पण?”

“फ्यूज उडणार नाही, ही माझी जबाबदारी.”

मेहुण्याने शब्द पाळला. फ्यूज उडाला नाही. त्याच्याऐवजी रस्त्यावरचा खांब उडाला. मोठा आवाज झाला, ठिणग्या पडल्या आणि सबंध भागाची वीज गेली. पिठाची गिरणी थांबली. शिंप्याचं मशीन थांबलं. दवाखान्यात एका माणसाच्या दाताला अर्धवट भोक पाडून झालं होतं. तो गाल धरून शाळेच्या फाटकाशी आला आणि बोलता येत नसल्यामुळे नुसताच बघत उभा राहिला. बोलणाऱ्या माणसांची समजूत घालता येते. याचं काय करायचं, ते ग्रंथपालांना कळेना. त्यांनी त्याला खुर्ची दिली. मेहुण्याला दुकानात तातडीचं गिऱ्हाईक आल्याचं नेमकं तेव्हाच आठवलं.

मोठ्या बाईंनी ग्रंथपालांना बोलावून घेतलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

“सर, परवा तपासणीला येतायत. राहू द्या आता. तुम्ही प्रयत्न केलात. मी गाडीच्या कागदावर सही करून टाकते.”

“परवापर्यंत थांबा,” ग्रंथपाल म्हणाले. कशासाठी, हे त्यांनाही माहीत नव्हतं.

खांब उडाल्याची चौकशी करायला दुसऱ्या दिवशी वायरमन आला. त्याने शाळेतली एकेक तार हाताने पकडून फिरायला सुरुवात केली. स्वयंपाकघरातून वर्गात, वर्गातून कचेरीत, आणि शेवटी मोठ्या बाई व जुने कारकून यांना मागे घेऊन ग्रंथालयात. विश्वकोशाच्या कपाटामागे डोकं घालून तो बराच वेळ थांबला.

“सर, ही पिशवी कोणाची?”

“माझी. डब्याची.”

“कशाला अडकवलीय ते बघितलंय का कधी?”

ग्रंथपालांनी डोकावून पाहिलं. ती खुंटी आहे, अशी त्यांची नोकरीभर समजूत होती. तो एका लोखंडी पेटीचा दांडा होता.

“मेन स्विच आहे हा,” वायरमन म्हणाला. “स्वतंत्र लाइन, स्वतंत्र मीटर, बाहेर मनगटाएवढी केबल आलीय. या लाइनीवर लग्नाचा स्वयंपाक होईल. कशाला घेतली होती एवढी?”

ही माहिती कचेरीतल्या सर्वात जुन्या कारकुनांना होती. ही खोली मुळात संगणकांसाठी मंजूर झाली होती. वीज आली, संगणक आले नाहीत. खोली रिकामी कशाला ठेवायची म्हणून तिच्यात पुस्तकं ठेवली आणि नंतर पुस्तकांसाठी ग्रंथपाल ठेवला.

“मग झालं की!” ग्रंथपालांचा चेहरा उजळला. “भिंतीपलीकडेच स्वयंपाकघर आहे. एक भोक पाडा आणि तार तिकडे न्या.”

“ते नाही चालायचं. लाइन या खोलीला मंजूर आहे. भिंत ओलांडायची तर नवा अर्ज.”

“हातभर तर आहे भिंत.”

“हातभर असो की मैलभर. वीज भिंत ओलांडणार नाही.” वायरमनने क्षणभर विचार केला. “शेगडी ओलांडू शकते.”

मोठ्या बाईंनी कपाटांकडे पाहिलं आणि मग मुद्दाम खिडकीबाहेर पाहिलं. कारकुनांनी चष्मा पुसायला घेतला. त्यांच्यापैकी कोणीही ‘पुस्तकं हलवा’ म्हणणार नव्हतं, आणि ग्रंथपाल ‘नाही’ म्हणाले असते तर कोणी आग्रहही केला नसता. ग्रंथपालांनी आयुष्यात एकच गोष्ट नीट लावली होती, ती म्हणजे ही खोली. अंधारातसुद्धा हात घालून हवं ते पुस्तक काढता येईल अशी.

मावशी दारातून सगळं ऐकत होत्या. “नको, सर,” त्या म्हणाल्या. “पुस्तकं कुठे नेणार? माझं काय, बघेन मी कुठेतरी. माझी बहीण म्हणते तिच्याकडे धुणीभांडी आहेत.”

ग्रंथपालांनी दांड्यावरची पिशवी काढून खुर्चीवर ठेवली, कोटाच्या बाह्या वर सारल्या आणि विश्वकोशाचा पहिला खंड खाली उतरवला. तो त्यांना वाटला होता त्यापेक्षा जड होता.

पुस्तकं हलवायला सगळी शाळा लोटली, कारण त्या काळात तास होणार नव्हते. मुलांची रांग लागली. ग्रंथपालांनी विषयवार गठ्ठे बांधून दिले होते, पण रांगेत प्रत्येकाला मधल्या मधे वाचायची हुक्की आली. त्यामुळे या टोकाला निघालेला भूगोल त्या टोकाला कवितांसह पोहोचला. मेहुणा तोंड लपवत चुना घेऊन आला आणि त्याने स्वयंपाकघराच्या काळ्या भिंती रंगवल्या. त्या पांढऱ्या झाल्या नाहीत, पण राखाडी झाल्या. कपाटं दारातून आत जाईनात. मग इतिहास चुलीच्या ओट्यावर बसला, विज्ञान लाकडांच्या कोनाड्यात गेलं आणि व्याकरण नळाजवळ. घरी गेल्यावर बायकोने त्यांचे काजळीने माखलेले कपडे पाहिले. टोमणा तिच्या जिभेवर आला होता, पण तिने नुसतं आंघोळीचं पाणी काढलं.

तपासणीला आलेल्या बाई कडक होत्या. त्यांच्या हातात शाळेचा नकाशा होता. नकाशाप्रमाणे त्या स्वयंपाकघरात शिरल्या आणि त्यांच्यासमोर इतिहास आला. मग त्या ग्रंथालयात गेल्या. दारावर ‘शांतता राखा’ अशी पाटी होती आणि आत मावशी भाताचं पातेलं उतरवत होत्या. कुठेही धूर नव्हता. मावशींचा चेहरा पहिल्यांदाच कोणाला स्पष्ट दिसत होता.

“शिजतंय विजेवर, ते दिसतंय मला,” तपासनीस बाई म्हणाल्या. “पण नकाशात हे ग्रंथालय आहे.”

“नकाशा बदलून घेऊ,” मोठ्या बाई म्हणाल्या.

“नवं बांधकाम झाल्याशिवाय नकाशा बदलत नाही. आणि ग्रंथालयात स्वयंपाक करता येत नाही. मला नाइलाजाने...” त्यांनी पेन उघडलं.

“असा नियम नाही,” कोणीतरी म्हणालं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. ग्रंथपालांनीही वळून पाहिलं. मग आपणच बोललो हे त्यांच्या ध्यानात आलं.

“म्हणजे... मी वाचली आहे नियमावली,” ते जमिनीकडे बघत म्हणाले. शाळेत ती वाचलेला दुसरा माणूस नव्हता, कारण ती वाचणं कोणालाही भाग नव्हतं. “ग्रंथालयात मोठ्याने बोलू नये. पानं दुमडू नयेत. खाऊ नये. शिजवू नये, असं त्यात कुठेच नाही.”

“खाऊ नये, आहे ना?”

“आहे. मुलं अंगणात खातात.”

तपासनीस बाईंनी नियमावली मागवली आणि उभ्यानेच वाचली. सगळे जण पानं उलटण्याचा आवाज ऐकत होते. मावशींनी झाकण हातात तसंच धरून ठेवलं होतं.

“नाहीये,” बाई अखेर म्हणाल्या. त्यांच्या आवाजात थोडा आदर होता आणि बरीच चीड होती. “ठीक आहे. पण मग ग्रंथालयात काम करणारी व्यक्ती ग्रंथालयाचीच कर्मचारी पाहिजे. या कोण आहेत?”

“ग्रंथालय परिचर,” मोठ्या बाई म्हणाल्या. परिचराची ही जागा संगणकांइतकीच जुनी आणि तितकीच रिकामी होती.

“आणि अन्नाला जबाबदार कोण? खोलीचा प्रमुख लागेल. रोज मुलांच्या आधी चाखून सही करायची असते.”

आता सगळ्यांनी ग्रंथपालांकडे पाहिलं. या वेळी त्यांना खोकलाही आला नाही.

अशा रीतीने पुढच्या सत्रात गाडी आली नाही. मावशी परिचर झाल्या, आणि पाटीचा अर्थ त्यांनी फार मनावर घेतला. शेगडीजवळ उभं राहून कोणी मोठ्याने बोललं, मग त्या मोठ्या बाई का असेनात, तर मावशी मुकाट्याने पळी पाटीकडे रोखायच्या. गणिताच्या सरांनी लेखी विचारणा केल्यावर त्यांच्या सासऱ्यांचं पातेलं परत आलेल्या पुस्तकांसाठी ठेवण्यात आलं, आणि नाव समोर येईल असं ठेवण्यात आलं.

चाखण्याचा पहिला दिवस उजाडला. ग्रंथपाल आदल्या संध्याकाळपासून अस्वस्थ होते. घरात कधी कशात काय कमी पडलं हे त्यांनी सांगितलं नव्हतं, कारण त्यांना ते कळायचं नाही, आणि कळलं तर बोलायचा धीर व्हायचा नाही. मावशींनी वाटीत डाळ वाढून त्यांच्यासमोर ठेवली आणि हात बांधून उभ्या राहिल्या. ग्रंथपालांनी एक चमचा घेतला. डोळे मिटले. मग दुसरा घेतला. बाहेर मुलांचा गलका वाढत होता.

“मावशी,” ते अगदी हळू आवाजात म्हणाले, “मीठ... जरासं कमी आहे. असं मला वाटतं.”

“कमी? बघू.” मावशींनी बोटावर थेंब घेऊन चाखला. “बरोबर आहे की हो, सर.”

“हो का? मग बरोबर असेल,” ग्रंथपाल घाईघाईने म्हणाले, सही केली आणि भिंतीपलीकडे पुस्तकांत निघून गेले.

मावशींनी ते गेल्याची खात्री केली. मग डब्यातून मूठभर मीठ घेतलं, डाळीत टाकलं आणि पळीने ढवळून मुलांना ताट वाढून घ्यायला आत सोडलं.